पालथी हासळी

घाटाखालच्या एका बाजारगावी पूर्वी एक वृद्ध हाडवैद्य राहत असे. त्याचे खरे नाव काय होते हे गावालाही धड आठवत नसे. लहानथोर सगळे त्याला बाबा म्हणत. घाटात उलटलेले गाडीवान, चिंचेवरून पडलेली पोरे, तालमीत खांदा निखळलेले गडी, सगळे त्याच्या ओसरीवर येत आणि बहुतेक जण दोन्ही हात जोडून नमस्कार करण्याइतके बरे होऊन परत जात. असा माणूस गावात असला की साऱ्या गावाला थोडा माज चढतो. परगावचा कुणी आपल्या देवळाच्या शिखराचे कौतुक सांगू लागला, की इथले लोक मान वेळावून म्हणत, "देवळं काय, सगळीकडेच असतात. आमच्याकडे बाबा आहेत."

बाबांपाशी तुळजा नावाची एक शिष्या होती. चौदाव्या वर्षी मनगट मोडून घेऊन ती आली. मनगट बसले, पण पोरगी परत गेलीच नाही. महिन्याने आई न्यायला आली तेव्हा तुळजा एका गवंड्याच्या मोडलेल्या बोटांना बांबूच्या कामट्या बांधत होती, आणि आईकडे न बघताच म्हणाली, "थांब गं जरा, दोन बोटं राहिलीत." त्या गोष्टीला आता बारा वर्षे झाली होती.

बाबांच्या घरी शिकण्याचे साधन म्हणजे एक जाड कापडाची थैली. तिच्यात एका उजव्या हाताची हाडे होती, खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत, एकूण बत्तीस. बाबांनी बरा केलेला एक बैरागी मरताना सांगून गेला होता, "माझा उजवा हात तुमच्या शिष्यांसाठी ठेवून घ्या. जन्मभर यानं नुसतं मागितलं, आता काही देऊ दे." तर त्या दानातून तुळजा शिकली. पाठीला टेकलेला त्रिकोणी खवाटा, त्याच्यापासून पुढे गळ्याकडे येणारी बाकदार हासळी, दंडाचे एकच लांब हाड, कोपराखाली दोन, मनगटात गोट्यांसारखे आठ खडे, तळव्यात पाच आणि बोटांत चौदा. एवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. गावातल्या शास्त्रीबुवांकडे जाऊन ती खवाट्याला अंसफलक, हासळीला अक्षक आणि दंडाच्या हाडाला प्रगंडास्थी म्हणतात हेही शिकून आली, आणि मग काही दिवस भाकरी थापतानासुद्धा तिच्या तोंडी अंसफलकच होते.

तिच्या विद्येबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती बळाबद्दल. त्या मुलखात निखळलेला खांदा बसवायची एकच रीत सगळ्यांना ठाऊक होती: दोघांनी रोग्याला दाबून धरायचे, तिसऱ्याने त्याच्या काखेत टाच रोवायची आणि हात धरून जीव खाऊन ओढायचा. "पोरगी हुशार आहे," लोक म्हणत, "पण खांदा म्हणजे काय करंगळी आहे?" हे तुळजाच्या जिव्हारी लागे. म्हणून ती रोज पहाटे विहिरीवर जाऊन भरल्या घागरी शेंदी, चाळीस-चाळीस, लागत नसताना, आणि त्या जवळच्या हौदात ओतून देई. गुरांची चंगळ झाली आणि तिचा दंड दगडासारखा घट्ट झाला. या दंडाचा तिला फार अभिमान होता, आणि तो असावाच, कमावलेला होता तो.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. बाबा स्वतः कधी ओढत नसत. ते रोग्याचा हात नुसता हातात घेऊन बसत, त्याच्या बैलांची, सुनेची, पिकापाण्याची चौकशी करत, आणि कधीतरी अर्ध्या तासाने खांदा बसलेला असे. तुळजाला वाटे, वय झाले. अंगात बळ राहिले नाही म्हणून बाबा वेळ काढतात. आपल्या हाती आले की हे काम चुटकीसरशी होईल.

बाबांच्या परंपरेत शिष्याची एक शेवटची परीक्षा असे. गावासमोर डोळे बांधून थैलीतली हाडे नुसत्या स्पर्शाने पांढऱ्या कापडावर जागच्या जागी मांडायची. मांडणी बिनचूक झाली की गुरूने उभे राहून एक वाक्य म्हणायचे: "आजपासून हिचा हात तो माझा हात." हे वाक्य बाबांच्या तोंडून निघाल्याशिवाय गावातला कुणीही आपला मोडका हात तिच्या हाती देणार नव्हता. बारा वर्षांची विद्या त्या एका वाक्याशी येऊन थांबली होती.

तुळजाच्या परीक्षेला ओसरी भरली. समोरच्या पेढीवरचे कापडाचे एक व्यापारी, सगळ्यांचे शेटजी, अंगाने भरदार आणि तोंडाने त्याहून भरदार, अगदी पुढे येऊन बसले. तुळजाचे डोळे बांधले गेले. तिने थैली पालथी केली आणि तिची बोटे चालू लागली. मनगटाचे आठ खडे, जिथे भलेभले चुकतात, ते तिने एकदाही न अडखळता दोन ओळींत लावले. बोटे झाली, तळवा झाला, कोपर जुळले, दंड जुळला, खवाटा बसला. राहिली हासळी.

हासळी तिने उचलली आणि तिचा हात थबकला. बाक भलत्याच बाजूला जात होता. हाड डाव्या खांद्याचे होते. या हाताचे नव्हतेच. तुळजाला ते तत्क्षणी कळले, बारा वर्षे काय ती झोपली नव्हती. पण सगळे गाव श्वास रोखून बसले होते, आणि "हे जुळत नाही" म्हणणे म्हणजे "मला येत नाही" म्हटल्यासारखे वाटले असते. डावी हासळी पालथी घातली की तिचा बाक उजव्यासारखा दिसतो. तिने ती पालथी घातली. जी बाजू खाली असायला हवी ती खरखरीत, खाचेची बाजू वर आली, तिच्यावरून तिची बोटे एकदा फिरली, आणि तिने हात काढून घेतला.

"झालं," ती म्हणाली.

ओसरीत टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यापारी म्हणाले, "वा! हाडांची तर माळच ओवली पोरीनं. आता जिवंत खांदा ओढायला बळ कुठून आणायचं, तेवढं बघा बाबा." लोक हसले. तुळजाने डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली आणि बाही वर सारली. "पंजा लढवून बघा शेटजी, म्हणजे कळेल." लोक आणखी हसले.

बाबा हसले नाहीत. ते कापडावरच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिले. सगळे त्या वाक्याची वाट पाहत होते. बाबा उठले, आत गेले, आणि मोडलेल्या हाताला बांधतात ती लांब पट्टी घेऊन बाहेर आले. त्यांनी तुळजाचा धडधाकट उजवा हात कोपरात दुमडला, छातीशी घट्ट बांधला आणि गळ्यामागे गाठ मारली.

"एकवीस दिवस," ते म्हणाले. "सोडायचा नाही." आणि आत निघून गेले.

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत घरी गेले. काहींनी म्हातारचळ म्हटले, काहींना नजर लागू नये म्हणून केलेला तोडगा वाटला.

तुळजाची अवस्था काय सांगावी? रागाने तिला दोन दिवस अन्न गोड लागले नाही. एका हाताने तिला ना वेणी घालता येई, ना भाकरी थापता येई, शेजारची आत्या तिचे केस विंचरताना रोज नव्याने विचारी, "पण मोडलंय काय गं नक्की?" त्याहून वाईट म्हणजे मनातली कुरतड. बाबांना हासळीचे कळले असेल का? कळले असते तर बोलले नसते का? विचारावे, तर विचारण्यातच कबुली होती. बाबाही त्या विषयावर अवाक्षर काढत नव्हते. दोघे एका ओसरीवर बसत, आणि ती हासळी दोघांच्या मध्ये बसलेली असे.

काम मात्र थांबले नव्हते. उजवा हात बांधलेला असल्यामुळे बाबांनी तिला रोग्याच्या उशाशी बसवले. "त्याचा दुसरा हात धर आणि बोल त्याच्याशी," एवढेच काम. हात रिकामे असले की डोळे बघू लागतात. बाबा रोग्याच्या दंडावर अंगठा ठेवत, आणि मांस आवळले की अंगठा थांबे. रोगी बैलाची तक्रार सांगू लागे, मांस सैल होई, अंगठा पाऊल पुढे टाके. पुन्हा आवळले, पुन्हा थांबे. बारा वर्षे ज्याला ती वेळकाढूपणा समजत होती ते सगळे कामच होते. ते उमगले त्या दुपारी तुळजाला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेतच बाबांचा इतका अभिमान वाटला की तिचे डोळे भरून आले. रोग्याला वाटले, पोरगी आपल्या दुखण्याने रडते आहे. तो बिचारा तिचीच समजूत घालू लागला.

एकविसाव्या दिवशी बाबांनी गाठ सोडली. तुळजाने हात वर उचलला, आणि तो खांद्याच्या खालीच अडला. तिने डाव्या हाताने त्याला वर रेटले. कळ मस्तकात गेली.

"तुझाच हात आहे ना तो?" बाबा म्हणाले. "मग भांडतेस कुणाशी?" त्यांनी तिच्या कोपराखाली आपला तळवा नुसता ठेवला आणि थांबले. खूप वेळाने तो हात आपणहून बोटभर वर गेला. त्या दिवशी तेवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या पेढीत आरडाओरडा झाला. व्यापारी माळ्यावरचे कापडाचे ठाण काढायला शिडीवर चढले आणि शिडी सरकली. उजवा खांदा निखळला. पेढीवरच्या तीन हमालांनी आपल्या परीने ओढून पाहिला होता, त्यामुळे आता शेटजींचा आवाज वेशीपर्यंत जात होता. त्यांना बाजेवर घालून ओसरीवर आणले, मागोमाग अर्धा बाजार आला.

बाबा कामट्या तासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "तुळजा, बघ."

"बाबा!" व्यापारी कळवळले. "अहो, हिचा स्वतःचाच हात लुळा पडलाय! ही काय ओढणार?"

बाबा कामटी तासत राहिले.

तुळजा पुढे झाली. खरे सांगायचे तर चाळीस घागरींचा तो दंड आज एक तांब्या उचलायला कुरकुरत होता. ओढणे शक्यच नव्हते. तिने शेटजींची बोटे हलतात का पाहिले, मनगटाची नाडी पाहिली, खांद्यावरून अलगद हात फिरवला. खांद्याची गोलाई गेली होती, दंडाच्या हाडाचे डोके पुढे सरकून बसले होते, हाड मात्र कुठे मोडलेले नव्हते. मग तिने त्यांना बाजेवर पालथे निजवले, निखळलेला हात कडेवरून खाली सोडला, मनगटाला एक रिकामी पिशवी अडकवली आणि हमालाला सांगितले, "यात ज्वारी टाक. एकदम नाही. मूठ-मूठ, मी सांगेन तेव्हा."

आणि ती जमिनीवर शेटजींच्या तोंडासमोर बसली. "शेटजी, इरकल साडीचा रंग पक्का आहे हे धुवायच्या आधी कसं ओळखायचं?"

"मरतोय मी इथं!"

"परवा कुणीतरी मला फसवलं हो. लाल म्हणून घेतली, पहिल्या धुण्याला विटली."

"कुठून घेतलीस?" व्यापाऱ्यांनी कण्हत विचारले.

"आठवडी बाजारातून."

"बाजारातून! समोर आमची पेढी असताना?" शेटजी दुखणे विसरून चिडले. मग त्यांनी रंग कसा बघायचा, काठ कसा चोळायचा, सूत कसे उजेडाला धरायचे हे सांगायला सुरुवात केली. ज्वारीची एक मूठ पडली. थोड्या वेळाने दुसरी. तुळजाने डाव्या हाताचा अंगठा त्यांच्या खवाट्याच्या खालच्या टोकावर ठेवला आणि ते टोक पाठीच्या कण्याकडे हळूच सारले. मांस आवळले. अंगठा थांबला. "आणि पदराचं?" तिने विचारले. शेटजी पदरावर आले. मांस सैल झाले, अंगठा सरकला, पुन्हा थांबला, पुन्हा सरकला. ती वाट पाहत होती, आणि वाट पाहण्याचा तिला आज कंटाळा नव्हता.

"...तर पदर उलटून बघायचा, मागची बाजू कधी खोटं—" एवढ्यात टक् असा बारीक आवाज झाला. शेटजी बोलायचे थांबले. त्यांनी डोळे मोठे केले.

"काय झालं?"

"बसला," तुळजा म्हणाली.

"पण तुम्ही ओढलंच नाहीत!" पोरगी म्हणणारे शेटजी एका क्षणात अहोजाहोवर आले, हे बाजाराने टिपले. हमालांनी तोंडात बोटे घातली. तुळजाने शेटजींना उठवून बसवले आणि हात गळ्यात बांधून दिला.

बाबांनी कामटी खाली ठेवली आणि ते उभे राहिले. आता ते वाक्य येणार हे सगळ्यांना कळले. तुळजालाही कळले. बारा वर्षे तिने याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि नुसते गप्प राहिले की तो तिचा होता.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी हासळी डाव्या हाताची होती. मला कळलं होतं. मी ती पालथी घालून लावली, आणि झालं म्हणून सांगितलं."

शेटजींनी आपल्या बांधलेल्या खांद्याकडे जरा घाबरून पाहिले. "म्हणजे... येत नव्हतं का तुम्हाला?"

"येत होतं शेटजी. येत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते."

बाबा तिच्याकडे पाहत होते. मग ते बोलू लागले, आणि ते तुळजाशी बोलत असले तरी ऐकत सारा बाजार होता.

"उजवी काढून डावी हासळी थैलीत मीच टाकली होती, पोरी. तुला हाडं येतात हे मला ठाऊक होतं. न जुळणारं हाड हाती आलं की तू काय करतेस, तेवढं बघायचं होतं. तू ते जुळवून दाखवलंस. सुक्या हाडाला पालथं घातलं तर ते काही बोलत नाही. जिवंत माणूस असता तर त्याचा हात जन्माचा गेला असता. आता खांदा बघ. खुब्याला खोल वाटी आहे, कोपराला खाच आहे. खांद्याची वाटी बशीएवढी उथळ. दंडाचं डोकं तिच्यात मावत नाही, नुसतं टेकतं. त्याला धरून ठेवतं ते भोवतालचं मांस. म्हणून तर आपला हात आभाळाकडे जातो, पाठीकडे जातो, लेकराला उचलतो. आणि म्हणूनच तो निखळतो. निखळला की मांस भितं आणि आवळून धरतं. त्या भ्यालेल्या मांसाशी जो ताकदीनं भांडतो, तो त्याला आणखी भिववतो. हे मी तुला तोंडानं सांगितलं असतं तर तू तेही पाठ केलं असतंस. म्हणून तुझी ताकद एकवीस दिवस काढून घेतली. ती गेल्यावर तुझ्यापाशी काय उरतं, ते मला बघायचं होतं. काय उरलं ते या शेटजींच्या खांद्यानं सांगितलं."

ते एक पाऊल तिच्याकडे आले. "आणि दुसरं, तुला कुणी पकडलं नव्हतं. सगळं मिळायच्या वेळी तू बोललीस. चाळीस वर्षं लोक माझी थोरवी गातात. मला ती कधी फारशी खरी वाटली नाही. आज वाटली. ही माझी शिष्या आहे म्हणून." मग त्यांनी गावाकडे तोंड केले आणि मोठ्याने म्हटले, "आजपासून हिचा हात तो माझा हात."

टाळ्या वाजवायचे कुणाला सुचले नाही. बाया डोळे पुसत होत्या. शेटजींनी डाव्या हाताने नमस्कार केला आणि तो अर्धाच का होतोय हे लक्षात येऊन ते स्वतःच हसले. पुढे कितीतरी वर्षे हे शेटजी गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता आपल्या खांद्याची गोष्ट सांगत, आणि शेवटी म्हणत, "देवळं काय, सगळीकडेच असतात."

लोक पांगले. ऊन अंगणात आले. तुळजा ज्वारीचे सांडलेले दाणे वेचत होती. बाबा आपल्या जागेवरून उठले आणि रोग्यांना बसवतात त्या पाटावर येऊन बसले. त्यांनी अंगावरचे उपरणे काढले.

"हा डावा खांदा," ते म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी घाटात पडलो होतो. तेव्हापासून छातीच्या वर जात नाही. दुखतो."

तुळजा दाणे तसेच टाकून उभी राहिली. बारा वर्षे ती या माणसाच्या शेजारी बसत होती. "बाबा, तुम्ही कधी कुणाला दाखवला नाही?"

"कुणाला दाखवणार?"

ती त्यांच्यामागे जाऊन बसली. तिने हात एकमेकांवर चोळून ऊबदार केले आणि त्या म्हाताऱ्या खांद्यावर ठेवले. मांस दगडासारखे आवळलेले होते. तिने काही दाबले नाही, ती नुसती थांबली. बाबांनी डोळे मिटले. मग बऱ्याच वेळाने, ज्याने सगळ्या मुलखाचे खांदे सैल केले होते त्याचा खांदा तिच्या हाताखाली हळूहळू सैल होत गेला.